रविवारी रात्री तीन वाजता

मामांना नागपूरच्या इतवारीचं नाव पटत नाही. त्यांचा जन्म तिथला, सराफा ओळीच्या मागच्या गल्लीतला. आयुष्यभर त्यांनी शाळेत संस्कृत शिकवलं, आणि पंचांग उघडल्याशिवाय त्यांच्या घरात कुठलं काम ठरलं नाही. मी जुन्या कागदांची भाषांतरं करते. दोघांचंही पोट शब्दांवर, पण शब्द कोणाचा हे ठरवायची रीत निरनिराळी. या वेळी वाद निघाला तो रस्त्यावरच्या पाटीवरून. मामांचं बोलणं मी होतं तसंच ठेवलं आहे. त्यांच्याशी माझं जिथे जुळत नाही तिथे तेही लपवलेलं नाही.

मामा : इतवार हा हिंदी शब्द आहे. नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं, कचेऱ्यांत हिंदी आणि मराठी दोन्ही चालायच्या, त्यातून हा चिकटला. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण नाव तसंच राहून गेलं. पुण्यात बघ, रविवार पेठ. काय शुद्ध नाव आहे!

मी : मामा, पुण्याची रविवार पेठसुद्धा पूर्वी रविवार नव्हती. १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात शहरातल्या पेठांची यादी आहे. तिच्यात ही पेठ ‘आदितवार’ म्हणून येते. रविवार हे नाव मागाहून रूढ झालं. म्हणजे पुण्यात जो आदितवार होता तोच आपल्याकडे इतवार आहे.

मामा : आदितवार म्हणजे आदित्यवार. तो संस्कृत झाला. इतवार संस्कृत नाही.

मी : आदित्यवाराचा आदितवार, मधला द गळाला की आइतवार, ऐतवार, आणि पुढे इतवार. खेड्यापाड्यांतली म्हातारी माणसं अजून ऐतवार म्हणतात, गुरुवारला बेस्तरवार म्हणतात. बृहस्पतिवाराचा तो बेस्तरवार. कोकणीत आयतार आणि बिरेस्तार. गोव्यावर पोर्तुगिजांनी साडेचारशे वर्षं राज्य केलं, त्यांचा रविवार म्हणजे दोमिंगो, प्रभूचा दिवस. पण गोव्यातला ख्रिस्ती माणूससुद्धा कोकणीत बोलताना चर्चला जातो तो आयताराच. तेलुगूत आदिवारम् आहे. मग हा एकट्या हिंदीचा कसा?

मामा थोडे थांबले. त्यांना कोकणीतला आयतार माहीत होता, पण तो इतवारीशी जोडून त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी त्यांना श्रावणातल्या कहाण्यांची आठवण दिली. श्रावणातल्या रविवारी आपल्या घरांत जी कहाणी वाचतात, ती आदित्यराणूबाईची. कॅलेंडरवर रविवार छापून आला तरी पाटावर बसलेल्या बायकांच्या तोंडी आदित्यच राहिला.

हाच आदित्य फार लांबवर गेला आहे. थायलंडमध्ये रविवारला ‘वान आतित’ म्हणतात. वान म्हणजे दिवस आणि आतित म्हणजे आपला आदित्य. थाई भाषेत नुसतं आतित म्हटलं तर सूर्य होतो, रविवार होतो, आणि पुरा आठवडाही होतो. बँकॉकमधला माणूस ‘दोन आदित्यांनी येतो’ म्हणाला तर त्याला दोन आठवडे म्हणायचे असतात. एवढा प्रवास केलेल्या शब्दाला त्याच्या स्वतःच्या गावात परका ठरवणं मला फार लागतं.

मामा : बरं, अपभ्रंश म्हण. पण मूळ शब्द ठाऊक असताना अपभ्रंश काहून वापरावा? पाटीवर आदित्यवारी लिहायला काय हरकत आहे?

मी : हरकत ही की तसं गाव कोणाला सापडणार नाही. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावं कुणी ठरवून दिलेली नाहीत. आठवडी बाजार ज्या वारी भरायचा त्या वाराची ती वस्ती. पुण्यात ‘पेठ’ शब्द मागे लागतो, आपल्याकडे नुसती ई लागते. बुधवारचा बाजार म्हणजे बुधवारी. आणि शुक्रवारी तलावालाच जुनी माणसं जुम्मा तलाव म्हणतात. एकाच पाण्याला दोन वारांची नावं, दोन्ही शुक्रवारचीच, आणि दोन्ही नागपूरचीच. त्यातलं शुद्ध कोणतं ते कसं ठरवायचं?

मामा : तलाव आता गांधीसागर आहे.

मी : आहे. आणि रेल्वेने इतवारी स्टेशनच्या नावाला नेताजींचं नाव जोडलं, तरी इतवारी त्यात राहिलीच.

यावर मामांनी वाद सोडला नाही, फक्त जागा बदलली. शब्दाच्या रूपावरून ते शब्दाच्या मुळावर गेले, आणि तिथे त्यांची पकड चांगली आहे.

मामा : ठीक आहे, इतवार राहू दे. पण वार तर आपला ना? तू मागे म्हणून राहिली होती की वार ग्रीकांकडून आले. ते मला मान्य नाही.

मी : वार मुळात आपले नाहीत असं मी एकटीच नाही म्हणत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. कोकणातल्या मुरूडचा माणूस, आपल्या परंपरेचा कमालीचा अभिमान असलेला. त्यांनी वेद, वेदांगज्योतिष, महाभारत सगळं चाळून दाखवलं की तिथे तिथी आहे, नक्षत्र आहे, ऋतू आहे, पण सात वार नाहीत. आपला जुना काळ चंद्राच्या चालीने मोजलेला आहे. आता मारबतीची मिरवणूकच घ्या ना. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. इतवारीत त्यांची भेट होते ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला. त्या दिवशी मंगळवार असो की शनिवार, कोणी विचारत नाही. अमावास्या कधी आहे एवढंच बघतात.

मामा : महाभारतात नाही म्हणून आपल्याकडे नव्हतेच असं होत नाही.

मी : पण कोरीव लेखांतही नाहीत. वाराचा उल्लेख असलेला आपल्याकडचा सर्वांत जुना ज्ञात लेख एरणचा आहे, सागर जिल्ह्यातला. सागर म्हणजे तुमच्या त्याच मध्यप्रांतातला जिल्हा. बुधगुप्ताच्या काळातला विष्णूचा ध्वजस्तंभ, गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, आणि वार सुरगुरूचा, म्हणजे गुरुवार. इसवी सनाचं ४८४ साल. त्याच्या आधीचे शेकडो लेख आहेत. त्यांत राजाचं वर्ष आहे, ऋतू आहे, पक्ष आहे, दिवसाचा आकडा आहे, पण वार नाही.

मामांनी मान हलवली नाही, पण ऐकून घेतलं. मग मी त्यांच्यासमोर वारांच्या क्रमाचं गणित मांडलं, कारण माझ्या मते खरा पुरावा त्यात आहे. रवीनंतर सोम, सोमानंतर मंगळ हा क्रम येतो कुठून? आकाशात असा क्रम दिसत नाही. पृथ्वी मध्ये धरून जुन्या लोकांनी ग्रह लावले ते मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस भाग केले, प्रत्येक भागाला होरा म्हटलं, आणि एकेका होऱ्याला याच क्रमाने एकेक ग्रह स्वामी दिला. सूर्योदयाच्या होऱ्याचा जो स्वामी, त्याचं नाव सबंध दिवसाला. आता रविवारी पहिला होरा रवीचा. सात-सातच्या तीन फेऱ्या झाल्या की एकवीस होरे संपतात आणि बाविसावा पुन्हा रवीचा येतो, तेविसावा शुक्राचा, चोविसावा बुधाचा. पंचविसावा होरा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला, चंद्राचा. म्हणून सोमवार. चंद्रापासून तसंच मोजलं की मंगळ येतो. वारांचा क्रम हा चोवीस भागांचा हिशेब आहे. आपल्या जुन्या मोजणीत दिवस चोवीस भागांचा नव्हता. तो तीस मुहूर्तांचा आणि साठ घटिकांचा होता. शनीपासून खाली खाली येत साठ घटिका वाटल्या तर रविवारनंतर शनिवार येतो, सोमवार नाही.

मामांनी कागद ओढून घेतला.

मामा : खालून वर मोज.

मी : म्हणजे?

मामा : चंद्रापासून शनीकडे. चंद्र, बुध, शुक्र, रवी, मंगळ, गुरू, शनी. घटिका साठ. सातने भागलं तर बाकी चार. रवीपासून चार घरं वर जा : मंगळ, गुरू, शनी, चंद्र. आला सोमवार. चंद्रापासून चार घरं : बुध, शुक्र, रवी, मंगळ. आला मंगळवार. साठ घटिकांनीसुद्धा हाच क्रम येतो, बाई. ग्रीकांच्या चोवीस तासांची गरजच काय?

गणित चोख आहे. सातमध्ये तीन घरं खाली जाणं आणि चार घरं वर जाणं एकच. मामांनी हे स्वतःच्या डोक्याने काढलं, आणि ते वाचकांपुढे ठेवताना मला आनंद होतो आहे. वर मोजण्याची रीतही आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. सूर्यसिद्धान्तात महिन्यांचे स्वामी चंद्रापासून वर वर मोजले आहेत. तरीही माझं समाधान झालं नाही.

मी : येतो खरा. पण कोणत्या ग्रंथात वार असे काढले आहेत? आर्यभटाने ४९९ साली स्वच्छ सांगितलं आहे की सात होरेश शनीपासून सुरू होतात, शीघ्रतेच्या क्रमाने, आणि त्यांतला चौथा चौथा तो दिवसाचा स्वामी. घटिकेचा स्वामी असा शब्द त्याने वापरला नाही, होऱ्याचा वापरला. आणि होरा हा शब्द ग्रीक आहे. इंग्रजांचा ‘अवर’ त्याच मुळाचा.

मामा : होरा अहोरात्रातून आला. अहोरात्र शब्दाचं पहिलं अक्षर काढ, शेवटचं काढ, मध्ये होरा उरतो. वराहमिहिराने बृहज्जातकात दिलं आहे.

मी : दिलं आहे, पण ‘काहींचं असं म्हणणं आहे’ म्हणून दिलं आहे. स्वतःच्या नावावर घेतलेलं नाही. आणि बृहत्संहितेत तोच वराहमिहिर म्हणतो की यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट नांदतं आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो. सहाव्या शतकातल्या माणसाला हे म्हणताना संकोच वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

मामा : संकोच नाही ग. पण तुमची पिढी ‘बाहेरून आलं’ म्हणते तेव्हा त्याचा अर्थ ‘आपलं काही नाही’ असा होतो. मला त्याचं दुःख आहे.

हे दुःख खोटं नाही. ज्या शब्दांवर माणसाने आयुष्य काढलं, ते उसने आहेत असं कोणी सांगितलं तर पायाखालची फरशी हलते. म्हणून मला तिथे थांबायचं नव्हतं. उसना होता तो क्रम आणि ती सात जणांची यादी. ‘वार’ हा शब्द मात्र उसना नाही.

रोमन लोक रविवारला सूर्याचा दिवस म्हणाले. इंग्रज आणि जर्मन तेच म्हणाले. अरबांनी ‘अहद’ म्हटलं, म्हणजे पहिला. फारसीत यकशंबा, तोही आकडा. जपानी लोक ‘निचियोबी’ म्हणतात, म्हणजे सूर्याचा दिवस. त्यांच्याकडे ही सात ग्रहांची विद्या पोचली ती भारतीय ज्योतिषातूनच. आठव्या शतकात अमोघवज्र नावाच्या बौद्ध भिक्षूने ती चिनी भाषेत उतरवली आणि ८०६ साली कूकाई हा जपानी भिक्षू तो ग्रंथ जपानला घेऊन गेला. या सगळ्यांकडे एकतर दिवस आहे, नाहीतर आकडा आहे. आपल्याकडेही वासर आणि दिन हे शब्द होते, शिलालेखांत भौमवासर, भृगुवासर, मंदवासर असं येतं. पण लोकांच्या तोंडी टिकला तो वार. आणि वार म्हणजे दिवस नव्हे. वार म्हणजे पाळी.

मी : संस्कृतात वार म्हणजे पाळी, खेप. वारंवार त्यातलाच. एकवार, दोनवार. पंढरीला पुन्हा पुन्हा जाणं ती वारी. म्हणजे आपल्या माणसांनी ते गणित ऐकलं आणि म्हटलं, अच्छा, आज सूर्याची पाळी, उद्या चंद्राची. दिवसाला एक मालक आणि दुसऱ्या दिवशी दुसरा. मामा, हे भाषांतर आहे, आणि माझ्या मते जगातल्या सगळ्या भाषांतरांत हेच सर्वांत नेमकं आहे. त्या चोवीस होऱ्यांच्या हिशेबात खरोखर पाळीच होती. बाकीच्यांनी ती शब्दातून गाळली.

मामा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या कुठल्याही कोशात नव्हतं.

मामा : माझे वडील नागपुरात शिकायला आले ते वार लावून. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. सात घरं धरावी लागत. पाच मिळाली की दोन दिवस उपास. ते म्हणायचे, ‘माझा शनिवार गेला’. म्हणजे शनिवारच्या घराने नाही म्हटलं. दुसरं घर मिळेपर्यंत शनिवार नाही. आम्ही लहान होतो, आम्हाला वाटायचं शनिवार जातो कसा? आता तू पाळी म्हटलंस तर ते कळतं. त्या घरची पाळी गेली.

मी : आणि बाजाराचंही तेच. फिरता व्यापारी आज या गावी, उद्या त्या गावी. इतवारी म्हणजे या जागेची पाळी इतवारी यायची.

मामा : आता किराणा ओळी, भांडे ओळी, लोहा ओळी रोजचीच झाली. पाळी कुठे राहिली?

मी : दुसरीकडे गेली. कामगाराकडे गेली.

इथे मी त्यांना नारायण मेघाजी लोखंड्यांचं सांगितलं. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, आणि हातमागावर बसणारी किती घरं भोंग्याच्या तालावर जगू लागली. गिरणीला वार नव्हता. यंत्र सातही दिवस सारखं. लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि दर आठवड्याला एक दिवस विश्रांती मागितली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. सूर्याच्या दिवशी काम बंद ठेवावं असा हुकूम रोमचा बादशहा कॉन्स्टंटाइन याने ३२१ सालीच काढला होता. पण आपल्या कामगाराला तो दिवस कोणा बादशहाने दिला नाही. त्याने भांडून घेतला. आज रविवार शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या मनात सूर्य येत नाही, सुट्टी येते. तो अर्थ लोखंडे आणि त्यांच्या बरोबरच्या माणसांनी या शब्दात घातला आहे, आणि तो मला होऱ्याच्या अर्थाइतकाच मोलाचा वाटतो.

मामा : खंडोबाचाही वार तो. जेजुरीला रविवारी जायचं असतं.

मी : बघा, एकाच शब्दात किती जण राहतात.

मामा : राहू देत. पण मला एक सांग. तू रविवारचं इंग्रजी ‘संडे’ करतेस ना?

मी : करते. दुसरं काय करणार?

मामा : तिथेच तुझी खरी अडचण आहे, आणि तू ती बघत नाहीस. संडे रात्री बारा वाजता लागतो. रविवार सूर्योदयाला लागतो. तू म्हणतेस पाळी. मग पाळीला सुरुवात पाहिजे. आर्यभटाचं तू आत्ताच सांगितलंस, त्यानेच सूर्योदयापासून म्हटलं आहे. संडे आणि रविवार हे दोन वेगळे दिवस आहेत. त्यांचा बराचसा भाग एकमेकांवर पडतो एवढंच.

आणि त्यांनी कपाटातून एक पत्रिका काढली. नात्यातल्या मुलीचं लग्न ठरत होतं, मुलगा परदेशात, त्यांच्याकडच्यांनी पत्रिकेचं इंग्रजी मागितलं होतं. ते कोणीतरी आधीच करून दिलं होतं. मूळ पत्रिकेत ‘रविवारी रात्री ३ वाजता’ असा जन्म होता. इंग्रजीत ‘संडे, तीन ए. एम.’ असं झालं होतं.

एकही शब्द चुकलेला नाही आणि सबंध दिवस चुकला आहे. पंचांगाची रविवारची रात्र सोमवारच्या सूर्योदयापर्यंत चालते. त्या रात्रीचे तीन म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने सोमवारचे पहाटेचे तीन. इंग्रजीतला संडे तीन ए. एम. म्हणजे त्याच्या बरोबर चोवीस तास आधी, शनिवारची रात्र. एवढ्या अवधीत चंद्र साधारण एक नक्षत्र चालतो. ज्यांचा पत्रिकेवर विश्वास आहे त्यांच्या दृष्टीने ती दुसऱ्याच मुलीची पत्रिका झाली. ज्यांचा नाही, त्यांच्या दृष्टीनेही जन्माचा दिवस चुकला आणि दाखल्याशी मेळ बसेना. जन्मदाखल्यावर सोमवार होता.

मी : मग तुमच्या मते इंग्रज चुकीचे?

मामा : चुकीचे नाहीत, निराळे. आपला रविवार सूर्य आणतो. नागपूरचा सूर्य जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सात वाजत आलेले असतात. म्हणजे वार लागायची वेळ रोज सरकते. त्यात घड्याळ ८२॥ रेखांशाचं, आपण ७९ च्या जवळ. आपला सूर्य घड्याळापेक्षा तेरा-चौदा मिनिटं मागे. पंचांगात हे सगळं धरलेलं असतं. घड्याळाला ते दिसत नाही.

मी : पण मामा, मध्यरात्र काही इंग्रजांनी आणली नाही. वराहमिहिराने पंचसिद्धांतिकेत हाच वाद मांडला आहे. दिवस कधी सुरू होतो? लाटाचार्य म्हणतो यवनपुरात सूर्य मावळताना. सिंहाचार्य म्हणतो लंकेत सूर्य उगवताना. आणि आर्यभट म्हणतो लंकेतल्या मध्यरात्री, तोच पुन्हा दुसरीकडे म्हणतो सूर्योदयाला. तुमचा आर्यभट दोन्ही बाजूंना आहे.

मामा : गणितासाठी मध्यरात्र. व्यवहारासाठी सूर्योदय.

मी : आणि सूर्यास्त? तोही या वस्तीत आहे. तिकडे मोमिनपुऱ्यात विचारा. गुरुवारला तिथले मुसलमान जुमेरात म्हणतात. जुम्म्याची रात. शुक्रवारची रात्र शुक्रवारच्या आधी येते, कारण त्यांचा दिवस मावळतीला लागतो. एका शब्दात सगळा हिशेब आहे. वराहमिहिराने उज्जैनच्या परिसरात बसून जे तीन पक्ष लिहिले ते तिन्ही इतवारीच्या आसपास आजही चालू आहेत : पंचांगात सूर्योदय, मोमिनपुऱ्यात सूर्यास्त, रेल्वेच्या तिकिटावर मध्यरात्र.

मामा : मग भाषांतर करणाऱ्याने कोणता दिवस धरावा?

यावर आमचं एकमत झालं नाही. मामांचं म्हणणं, वाराचं भाषांतर करूच नये. रविवार रोमन अक्षरांत लिहावा, कारण ती गोष्ट इंग्रजीत नाहीच. मला ते पटत नाही. वाचणाऱ्याला कळलं नाही तर तो मनाने संडेच समजणार, आणि चूक तिथेच राहणार. आपल्या पूर्वजांनी परक्याचा हिशेब ऐकून त्याला पाळी हा स्वतःचा शब्द दिला. तेवढा धीर आपण उलट्या बाजूने का करू नये? मात्र त्यांची एक गोष्ट मी घेतली, आणि यापुढे जुना कागद हातात आला की विसरणार नाही. वार आणि रात्र एकत्र आले की आधी थांबायचं. कागद लिहिणाऱ्याचा दिवस कुठून लागत होता ते शोधायचं. तारीख त्यानंतर.

पत्रिकेची ती ओळ मी पुन्हा लिहिली. इंग्रजी तारीख सोमवारची, वेळ पहाटे तीन, सूर्योदयापूर्वी. आणि पुढे एक वाक्य, की पंचांगाप्रमाणे वार सूर्योदयाला बदलतो म्हणून जन्मवार रविवार. मामांनी ती दोनदा वाचली.

‘क्रम बदल,’ ते म्हणाले. ‘आधी रविवार लिही. पोरीचा वार तो आहे. सोमवार घड्याळाचा आहे, तो खाली जाऊ दे.’

क्रम मी बदलला. पण रविवाराच्या खुलाशात सूर्योदय शब्दाआधी ‘नागपूरचा’ हा शब्द घालायला त्यांनी सांगितलं, तिथे पुन्हा अडलो. मुलीचा जन्म अमरावतीचा होता, आणि तिथला सूर्योदय पाच-सहा मिनिटांनी उशिरा. मामा पंचांगातलं रेखांशांचं कोष्टक काढायला उठले.